फारकत, मन आणि मूल

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आठ-नऊ किलोमीटरांवर, धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनारचे नाव निघाले की मराठी माणसाला आचार्य विनोबा भावे आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु संसारातील दोघांपैकी एक जण उरला नाही तर उरलेल्याने घर कसे सावरावे आणि लेकरू कसे वाढवावे, या प्रश्नाशी या गावाचा संबंध विनोबांच्याही फार पूर्वीपासूनचा आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने वसवलेले प्रवरपूर ते हेच पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आणि 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. या प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. पती रुद्रसेन अकाली निवर्तला तेव्हा तिची मुले अज्ञान होती. युवराज दिवाकरसेनाची माता या नात्याने तिने राज्यकारभार हाती घेतला, आणि आपल्या कारभाराच्या तेराव्या वर्षी तिने दिलेले दानपत्र ‘पुणे ताम्रपट’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. राज्याचे दफ्तर सांभाळत मुले वाढवणारी एकटी माता विदर्भाच्या भूमीला सोळाशे वर्षांपूर्वीही ठाऊक होती.

मात्र प्रभावतीगुप्तेचे दुःख वैधव्याचे होते, आणि वैधव्याच्या दुःखाला, ते कितीही दारुण असले तरी, समाजाने एक चौकट दिलेली असते. माणूस गेला की शेजारपाजार धावून येतो, नातलग भेटीला येतात, तेरा दिवसांचे विधी होतात, दरवर्षी श्राद्धाची तिथी येते, आणि गेलेल्याविषयी चार चांगले शब्द बोलण्याची मुभा सर्वांना असते. ज्या स्त्रीचा नवरा अथवा ज्या पुरुषाची बायको दुसऱ्या व्यक्तीत गुंतली आणि त्या गुंत्याची परिणती फारकतीत झाली, त्या माणसाच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. भेटीला येणारा सांत्वनापेक्षा चौकशीच अधिक करतो; चूक कोणाची, आधी कळले कसे नाही, थोडे सोसून घेतले असते तर, असे प्रश्न उंबरठ्यावरच सुरू होतात. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, ज्याला विधी नाही, रजा नाही, सुतक नाही, अशा शोकाकडे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले. विश्वासघातानंतरचा शोक हा त्याच जातीचा आहे. तो बरा होण्यास विलंब लागतो, आणि त्या विलंबाचे एक प्रमुख कारण म्हणजे तो उघडपणे करताच येत नाही.

या शोकाची दुसरी विशेषता अशी की तो केवळ भविष्यकाळ हिरावून नेत नाही, भूतकाळही नासवतो. मृत्यूनंतर आठवणी उरतात आणि त्या आठवणींचा आधार होतो. विश्वासघातानंतर आठवणीच संशयास्पद होतात. लग्नाचा वाढदिवस, बाळाचे बारसे, एकत्र केलेली तीर्थयात्रा, यांपैकी कोणता दिवस खरा आणि कोणता दिखाऊ, याचा पडताळा मन अहोरात्र घेऊ लागते. रॉनी जेनॉफ-बुल्मन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1992 मध्ये असे मांडले की जग सामान्यतः भरवशाचे आहे, आपल्या जीवनाला अर्थ आहे आणि आपण चांगल्या वागणुकीला पात्र आहोत, या तीन अव्यक्त गृहीतकांवर माणूस जगत असतो, आणि मोठा आघात या गृहीतकांनाच तडा देतो. शर्ली ग्लास यांनी व्यभिचाराने दुखावलेल्या शेकडो दांपत्यांबरोबर काम करून 2003 च्या ग्रंथात नोंदवले की फसवल्या गेलेल्या जोडीदारात अपघातातून वा हल्ल्यातून वाचलेल्या माणसासारखी लक्षणे दिसतात: झोप उडते, नको ती दृश्ये डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभी राहतात, फोन वाजला तरी काळजात धस्स होते, आणि आधी तासन्‌तास रडणारे मन नंतर अचानक बधिर होते. होम्स आणि राही या दोघा वैद्यकांनी 1967 मध्ये आयुष्यातील घटनांच्या ताणाची जी मोजपट्टी तयार केली, तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण दिले आणि त्याखालोखाल घटस्फोटाला 73. ही लक्षणे दिसणारी व्यक्ती दुबळी नव्हे आणि वेडीही नव्हे. तिचे मन एका खऱ्या आघाताला खरा प्रतिसाद देत असते. हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगणे हीच उपचाराची पहिली पायरी होय.

कायद्याने या दुःखाशी आपला संबंध कसा जोडला, हेही पाहिले पाहिजे, कारण मनाचे बरे होणे आणि दाव्याचा निकाल यांची गल्लत करून अनेक माणसे वर्षानुवर्षे स्वतःला कोंडून घेतात. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड आणि पाट यांची वहिवाट पूर्वापार होती. उच्च म्हणवणाऱ्या जातींत मात्र विवाह जन्माचा मानला जाई आणि त्यातून सुटका नव्हती. बडोदे संस्थानाने 1931 मध्ये आणि मुंबई प्रांताने 1947 मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला; वर्धा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असल्याने मुंबईच्या कायद्याचा येथील स्त्रियांना उपयोग नव्हता. त्यांना तो हक्क मिळाला 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने, आणि या कायद्याने रूढीने चालत आलेली काडीमोडही अबाधित ठेवली. मूळ कायद्यात जोडीदार ‘व्यभिचारी जीवन जगत आहे’ हे सिद्ध करावे लागे; 1976 च्या दुरुस्तीने विवाहानंतरचे एखादे स्वेच्छेचे विवाहबाह्य कृत्यही पुरेसे ठरवले, आणि त्याच दुरुस्तीने परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा मार्ग खुला केला. पुढे 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेचे 497 वे कलम रद्दबातल ठरवले. व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही, परंतु घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे.

मुलाच्या बाबतीत कायद्याची दृष्टी निराळी आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. 1956 चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे सांगतो. परंतु सर्वांत वरचे तत्त्व म्हणून तो मुलाच्या कल्याणाचीच स्थापना करतो. याचा अर्थ असा की जोडीदाराशी बेइमानी केलेला माणूस केवळ त्या कारणाने नालायक बाप किंवा नालायक आई ठरत नाही. ज्याचे काळीज जळत असते त्याला हे वाचून संताप येईल, हे मी जाणतो. तरीही हे तत्त्व योग्य आहे, कारण मूल हे कोणाच्या अपराधाची भरपाई नव्हे. मुलाच्या पोटगीचा हक्क आईबापांच्या भांडणापासून स्वतंत्र असतो, आणि विधिसेवा प्राधिकरण कायदा, 1987 याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयाशी असे प्राधिकरण संलग्न आहे. हा हक्क संकोच न करता वापरावा. पैशाची विवंचना जितकी कमी, तितका मनाला सावरण्यास अवसर अधिक.

पण न्यायालय जे देऊ शकते त्याची मर्यादाही ओळखावी. न्यायालय विवाह संपुष्टात आणते, पोटगी ठरवते, ताबा देते, भेटीचे दिवस नेमून देते. ते पश्चात्ताप देऊ शकत नाही. समोरच्याने आपला अपराध भर न्यायालयात कबूल करावा, मग माझे मन शांत होईल, अशी आशा मनाशी धरून जो तारखांमागून तारखांना हजर राहतो, त्याने आपल्या बरे होण्याची किल्ली ज्याने जखम केली त्याच्याच हाती ठेवलेली असते. जोडीदाराने कबुली दिली नाही, माफी मागितली नाही, उलट दुसरा संसार थाटून तो सुखात राहिला, तरीही आपले मन बरे होऊ शकते. किंबहुना तसे ते झालेच पाहिजे, कारण एक अजाण जीव त्या मनाच्या आसऱ्याने वाढत असतो. या लेखाचे मुख्य म्हणणे हेच आहे.

मूल फारकतीने कायमचे खचते अशी एक समजूत आहे, आणि ‘मुलांसाठी’ म्हणून कलहाचे संसार रेटण्याचे समर्थन तिच्याच बळावर केले जाते. या प्रश्नाचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी 1991 मध्ये 92 अभ्यासांचे, म्हणजे तेरा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीचे, एकत्र परीक्षण केले. घटस्फोटित कुटुंबांतील मुले सरासरीने थोडी मागे दिसली, परंतु फरक अल्प होता, आणि त्याचे सर्वांत समर्थ स्पष्टीकरण आईबापांमधील कलह हेच ठरले. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अमेरिकेत सुमारे 1400 कुटुंबांचा सुमारे तीन दशके पाठपुरावा केला. त्यांना असे आढळले की घटस्फोटित कुटुंबांतील सुमारे 25 टक्के मुलांत गंभीर अडचणी दिसतात, तर इतर कुटुंबांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के असते. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की फारकत झालेल्या घरांतील चारांपैकी तीन मुले सामान्यपणे वाढतात. हवाईच्या कौआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आजारपण अशा अनेक आपत्तींत सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार आणि प्रेमळ माणसे म्हणून वाढली, आणि त्यांना तारणाऱ्या गोष्टींत त्यांच्यावर निरपवाद माया करणाऱ्या निदान एका स्थिर वडीलधाऱ्या माणसाचा वाटा मोठा होता. हा माणूस आई असेल, बाप असेल, आजी असेल किंवा शाळेतील गुरुजी असतील. तो एक असला तरी पुरतो, पण तो असावाच लागतो.

मुलाला काय सांगावे, हा सर्वांत अवघड प्रश्न. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटते की आपण हट्ट केला, दूध सांडले, म्हणून बाबा गेले. ते अंथरूण ओले करू लागते, आईच्या पदराला घट्ट धरून ठेवते. त्याला वारंवार एवढेच सांगावे लागते की हे तुझ्यामुळे झालेले नाही, आणि आम्हा दोघांचे तुझ्यावरचे प्रेम कमी झालेले नाही. सात ते अकरा वर्षांच्या मुलात निष्ठेची ओढाताण सुरू होते: आईकडे हसावे तर बापाशी द्रोह, बापाकडे रमावे तर आईशी द्रोह. बारा वर्षांपुढील मुलाला बाहेरच्या चर्चेतून सत्य बहुधा समजलेलेच असते. ते रागावते, किंवा अकाली प्रौढ होऊन दुखावलेल्या पालकाचाच पालक होऊन बसते, आणि हा दुसरा प्रकार समंजसपणासारखा दिसत असल्याने अधिक फसवा असतो. अशा मुलाने सरळ प्रश्न विचारला तर खोटे बोलू नये, ‘आमच्यातला विश्वास मोडला, म्हणून आम्ही वेगळे झालो, त्यापुढचे आम्हा मोठ्यांचे आहे’ एवढे उत्तर सत्यही असते आणि पुरेसेही. तपशील, पत्रे, संदेश, परक्या व्यक्तीचे नाव, यांतले काहीही मुलाच्या हाती देऊ नये. आईबापांच्या भांडणात मुलाला साक्षीदार करू नये, निरोप्या करू नये, आणि न्यायाधीश तर कधीच करू नये. भेटीच्या दिवशी मूल परतले म्हणजे ‘तिकडे कोण होते, काय खाल्ले, काय बोलले’ अशी उलटतपासणी घेण्याचा मोह दांडगा असतो. तो ज्या पालकाने आवरला, त्याने मुलाला वकिलाने मिळवून दिलेल्या कोणत्याही हुकमापेक्षा मोठी देणगी दिली.

हे सारे सांगणे सोपे आहे, पण जळणाऱ्या मनाने ते आचरायचे कसे? येथे पुन्हा पवनारकडे पाहावे. 1959 मध्ये विनोबांच्या प्रेरणेने येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. रूढ समजुतीत स्त्रीचे आध्यात्मिक जीवन बहुधा पतीच्या आधारानेच कल्पिले जात असे. येथे भगिनींनी सामूहिक साधना, स्वतःचे श्रम आणि सर्वसंमतीने घेतलेले निर्णय यांवर आपला आश्रम उभा केला. हे घटस्फोटितांचे आश्रयस्थान नव्हे. तेथील भगिनींनी एकाकी जीवन स्वेच्छेने पत्करले, तर फारकत झालेल्या व्यक्तीवर ते लादले जाते, आणि हा भेद मोठा आहे. तरीही ज्या तीन गोष्टींवर ते जीवन उभे राहिले, त्या मोडलेल्या मनालाही तारतात: ठरलेली दिनचर्या, शरीरश्रम आणि सहवास. आघातानंतर मनाला पुढच्या वर्षाचा विचार पेलत नाही. पण पहाटे उठणे, मुलाचा डबा भरणे, शाळेच्या वेळेला पोहोचवणे, संध्याकाळी दोघांनी मिळून जेवणे आणि ठरल्या वेळी झोपणे एवढा क्रम पेलतो. हा क्रम मुलाला सांगतो की घर मोडलेले नाही. तोच क्रम आईला अथवा बापाला हळूहळू सांगू लागतो की आपणही मोडलेलो नाही.

दुसरे साधन बोलणे आणि लिहिणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना आपल्या आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मोकळेपणाने लिहिण्यास सांगितले. ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना पुढील काळात वैद्यकीय मदत इतरांपेक्षा कमी लागली. लिहिणे म्हणजे विहिरीतला गाळ उपसणे. उपसताना पाणी अधिकच गढूळ दिसते, पण झरे मोकळे होतात ते त्यानंतरच. मात्र हे लिखाण कोणाला दाखवण्यासाठी नसावे, आणि मुलाच्या हाती पडेल असे तर मुळीच ठेवू नये. बोलण्याचेही तसेच. पुण्याच्या नारी समता मंचाने पीडित स्त्रियांसाठी ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवले, त्यामागे हाच अनुभव होता की न्याय मिळण्याआधी माणसाला निर्भयपणे बोलण्याची जागा मिळावी लागते. अशी एक तरी व्यक्ती शोधावी, की जी ऐकेल, गावभर करणार नाही, आणि आपल्या मुलाच्या देखत त्याच्या बापाला वा आईला शिव्या देणार नाही.

तिसरा विषय क्षमेचा, आणि येथे आपला समाज घाई करतो. ‘झाले गेले विसरून जा’ असे वडीलधारी माणसे सद्भावनेने सांगतात. परंतु अकाली लादलेली क्षमा म्हणजे दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय. क्रिस्टिना गॉर्डन, डोनल्ड बॉकम आणि डग्लस स्नायडर या तज्ज्ञांनी विश्वासघातानंतरच्या वाटचालीचे तीन टप्पे मांडले: प्रथम आघात सोसण्याचा, मग जे घडले त्याचा अर्थ लावण्याचा, आणि अखेरीस पुढे सरकण्याचा. मधला टप्पा वगळून तिसऱ्यावर उडी घेता येत नाही. आणि पुढे सरकणे म्हणजे परत जाणे नव्हे: द्वेषाचे ओझे उतरवणे वेगळे, पुन्हा नांदायला जाणे वेगळे. 1944 मध्ये सिवनीच्या तुरुंगात विनोबांनी गीतेतील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. स्थितप्रज्ञ म्हणजे दगड नव्हे, दुःख ज्याला स्पर्शच करीत नाही असा कोणी अलौकिक पुरुषही नव्हे. दुःख येऊनही ज्याची बुद्धी त्या दुःखाची गुलाम होत नाही तो स्थितप्रज्ञ, असा त्याचा अर्थ घेतला, तर तो आदर्श न्यायालयाच्या आवारात तारखेची वाट पाहत बसलेल्या आईच्याही आवाक्यातला आहे.

काही वेळा मात्र दिनचर्या, लेखन आणि मैत्रीण पुरत नाहीत. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, मुलावर हात उगारला जात असेल, मद्याचा आधार घ्यावासा वाटत असेल, किंवा जीव द्यावा असे विचार येत असतील, तर ते वैद्यकाचे क्षेत्र आहे, आणि तेथे जाण्यात तापासाठी डॉक्टरकडे जाण्यापेक्षा अधिक लाज नाही. पवनारपासून जवळच सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि देशभरात कोठूनही 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. पुरुषांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बायकोने फसवलेला पुरुष हसण्याचा विषय होतो, त्यामुळे तो रडत नाही, तो गप्प बसतो किंवा पिऊ लागतो. आणि मुलाला भेटण्याच्या दिवशी तो रिकाम्या मनाने येतो. त्याचेही मन सावरले पाहिजे, आणि त्यालाही मुलाच्या देखत हळवे होण्याची परवानगी असली पाहिजे.

एका माणसाच्या सावरण्यात गावाचा वाटा किती असतो, हे सांगणारी एक लोककथा याच परिसरात आहे. वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात रावेरी येथे सीतेचे देऊळ आहे. तेथे रामाची मूर्ती नाही, एकटी सीता आहे. रामाने त्यागलेली सीता येथे बाळंत झाली, तिने गावात पसाभर गहू मागितला, गावाने तो नाकारला, आणि तिच्या शापाने या गावात गहू पिकेनासा झाला, अशी कथा सांगतात. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला, तेव्हा त्यांना त्यागल्या गेलेल्या, तरीही दोन पुत्र एकटीने वाढवणाऱ्या सीतेचा सन्मान अभिप्रेत होता. या कथेतला शाप त्यागणाऱ्या पतीला नाही, पसाभर गहू नाकारणाऱ्या गावाला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 1988 मध्ये संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता मुक्ती परिषद भरवली, तेव्हा टाकलेल्या स्त्रियांनी प्रथमच एकत्र येऊन शिधापत्रिका, निवारा आणि पोटगी मागितली. तीही, बारकाईने पाहिले तर, त्याच पसाभर गव्हाची मागणी होती.

म्हणून शेवटचे शब्द फारकत झालेल्या व्यक्तीला नव्हेत, तिच्या भोवतीच्या माणसांना आहेत. आपल्या आळीत, वाड्यात, शाळेत अशी आई किंवा असा बाप असेल तर चूक कोणाची हे विचारू नका. तिच्या मुलाला आपल्या मुलाच्या वाढदिवसाला बोलवा. हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून तिला वगळू नका. शाळेच्या अर्जावर बापाच्या नावाची जागा रिकामी राहिली तर गुरुजींनी त्यावरून वर्गात चौकशी करू नये. माहेरच्यांनी मुलीला घरात घेताना तिच्यावर उपकार करीत असल्याचा सूर काढू नये. आणि आजी-आजोबांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, नातवंडासमोर त्याच्या आईची किंवा बापाची निंदा करू नये. विश्वासघात एका माणसाने केला. त्याची शिक्षा मुलाला देण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.